घोट्याची सूज आणि लघवीची गोळी

एकानं विचारलंय की बीपीची गोळी अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची 10 केल्यावर आईच्या घोट्यांना सूज आली, मेडिकलवाल्यानं लघवीची गोळी दिली, ते बरोबर का? नाही. ही सूज अंगात पाणी वाढल्याची नसते. अम्लोडिपिननं बारीक धमन्या सैलावतात, शिरा मात्र तितक्या नाहीत. मग केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. लघवीच्या गोळीनं ती फारशी हटत नाही, उलट सोडियम-पोटॅशियम घसरतं. परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यात, पारा 42 च्या वर, रानात राबणाऱ्याला तर भोवळच यायची.

डॉक्टर सहसा अम्लोडिपिन परत 5 वर आणतात आणि जोडीला टेल्मिसार्टन 40 ही बीपीचीच दुसरी गोळी देतात. त्यानं शिराही सैलावतात, सूज उतरते. शिवाय एकच औषध दुप्पट करण्यापेक्षा दोन औषधं कमी डोसात दिली की बीपी जास्त खाली येतो. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर 2 ते 4 आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं असतं. हे आपल्याकडे हमखास राहून जातं. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

तरीही बीपी हटेना तर तिसरी क्लोरथॅलिडोन 12.5, सकाळी. ही लघवीचीच गोळी, पण इथे सुजेसाठी नाही, बीपीसाठी. पण त्याआधी गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी चालू आहे का, ते डॉक्टरांना सांगा. ती बीपी चढवते, आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीसोबत घेतली तर किडनीवर बेतू शकतं.

एकच पाय सुजला असेल किंवा दम लागत असेल, तर गोळीला दोष देत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.