मदत हवी आहे: नागासाकीत गाईडसोबत पायी फिरणं आईला झेपेल का?

नमस्कार मंडळी! एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन नागासाकीला जातेय. आम्ही वसईकर, त्यामुळे निशिझाका टेकडी चुकवणं शक्यच नाही. ५ फेब्रुवारी १५९७ ला तिथे क्रुसावर दिलेल्या २६ ख्रिस्ती हुतात्म्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सियाही होते. ते स्मारक स्टेशनजवळच आहे, ते आमचं आम्ही बघू.

अडलंय ते पुढचं. 'नागासाकी सारुकु' या उपक्रमाच्या, गाईडसोबतच्या पायी सहलींबद्दल ऐकलंय. देजिमा, म्हणजे डचांची जुनी वखार, सपाटीवर आहे, तिथे चिंता नाही. पण ओउरा चर्च आणि ग्लोव्हर गार्डनचा चढ? त्यात डच स्लोप या चढाच्या जुन्या रस्त्याची दगडी फरसबंदी, पाऊस पडला की निसरडी होणार. आईचे गुडघे कुरकुरतात, आणि 'मी दमले' हे ती कधीच कबूल करत नाही!

इशिबाशीच्या ट्राम थांब्याजवळून ग्लोव्हर गार्डनकडे वर जाणारी तिरकी लिफ्ट आहे. गाईडला सांगितलं तर तिथून वर नेऊन उताराने खाली आणतात का? इंग्रजी बोलणारा गाईड किती आधी ठरवावा लागतो? बाबांना प्रश्न फार पडतात, नुसतं पाठ केलेलं सांगणारा चालणार नाही.

कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.