सौरऊर्जेसाठी राज्याचा कायदा आहे, की केवळ योजना?

प्रश्न
आमच्या 40 सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेने लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा ठराव संमत केला आहे. सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की, उद्या योजना बंद झाली तर आपल्या पैशांना आधार कशाचा? महाराष्ट्र विधिमंडळाने सौरऊर्जेला प्रोत्साहन देणारा कायदा केला आहे का, की सर्व काही शासन निर्णयांवरच चालते? कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर 1
वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असून मूळ कायदा केंद्राचा, म्हणजे विद्युत अधिनियम, 2003, हा आहे. वितरण कंपन्यांनी अपारंपरिक स्रोतांकडून किती टक्के वीज घ्यावी हे राज्य वीज नियामक आयोगाने ठरवावे, असे त्याचे कलम 86 सांगते. गच्चीवरील प्रकल्पांची आणि नेट मीटरिंगची (जादा सौर वीज वितरण कंपनीला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याच्या पद्धतीची) चौकट महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांत आहे. हे विनियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि नंतर ते विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. त्यामुळे एखाद्या शासन निर्णयाने नेट मीटरिंग रातोरात रद्द होत नाही. अनुदानाचे मात्र तसे नाही. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये मिळतात, पण ती योजना आहे, हक्क नव्हे. म्हणून अनुदान वगळूनही हिशेब जुळतो का, हे आधी पाहावे.

उत्तर 2
वरील उत्तरात एका मुद्द्याची भर घालतो. विजेच्या वापरावरील व विक्रीवरील कर हा राज्यसूचीतील विषय आहे आणि त्यासाठी विधिमंडळाने केलेला महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, 2016, अस्तित्वात आहे. राज्याला स्वतःच्या अधिकारात सौरऊर्जेला खरोखर बळ द्यायचे असेल, तर शुल्कमाफी अधिसूचनेवर न सोडता ठरावीक वर्षांसाठी याच अधिनियमात लिहावी, असे माझे ठाम मत आहे. आमच्या संस्थेला नेट मीटरसाठी चार महिने थांबावे लागले आणि तेवढे दिवस तयार पॅनेल नुसते उन्हात पडून होते. तेव्हा मुदतीचे बंधन कायद्यात असण्याचे मोल कळले.

उत्तर 3
मी शेतकरी आहे, त्यामुळे थोडे वेगळे लिहितो. 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि 2023 पासूनचा तिचा दुसरा टप्पा हे दोन्ही शासन निर्णयांतूनच आले. कृषी वाहिन्यांना, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या तारांना, दिवसा सौर वीज देणे हा त्यांचा गाभा आहे, आणि विंचवाकाट्यात रात्री दारे धरणाऱ्याला, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्याला, दिवसाच्या विजेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पासाठी दिलेल्या जमिनीला हेक्टरी वार्षिक 1,25,000 रुपये भाडे आणि दरवर्षी 3 टक्के वाढ अशी तरतूद आहे. परंतु जमीन अनेक वर्षांसाठी गुंतते, तेव्हा भाडे थकल्यास दाद कोठे मागायची हे करारात स्पष्ट नसेल, तर सही करू नये. शेतकऱ्याला हे संरक्षण कराराने नव्हे, कायद्याने मिळायला हवे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. अनुदान न धरता मांडलेला हिशेब आणि नेट मीटरिंग करारातील मुदतीचे कलम, हे दोन्ही पुढील सभेत वाचून दाखवून मगच निविदा मागवू.