शब्दचर्चा: 'ट्रिगर वॉर्निंग' आणि 'सेफ स्पेस'ला मराठीत काय म्हणावं?

पार्क चौक: क्लेशदायक मजकुराची आधी कल्पना देणं म्हणजे 'ट्रिगर वॉर्निंग', आणि न घाबरता मन मोकळं करता येईल अशी जागा म्हणजे 'सेफ स्पेस'. महाविद्यालयीन अभ्यासक्रमाच्या मसुद्यात त्यांना 'धोक्याचा इशारा' आणि 'सुरक्षित जागा' असे शब्द योजलेत. चालतील का?

होटगी रोड: 'इशारा' नको. आपल्याकडे इशारा देतं हवामान खातं, नाहीतर नळाला पाणी येत नाही म्हणून महापालिकेवर निघालेला मोर्चा. दोन्हीकडे धाकच. 'ट्रिगर' मानसोपचारातून आलाय. आघाताची आठवण उसळवणारी कुठलीही गोष्ट. ती एखादा वास असेल, फटाक्याचा आवाज असेल. शिक्षकाला ती आधी कशी कळणार? पुढच्या तासाला काय आहे, एवढंच तो सांगू शकतो. म्हणून 'आशयसूचना'.

ती अशी लिहावी: 'घटक ३, पाने ४२ ते ४७: सोलापूरचा मार्शल लॉ, १९३०. गोळीबार आणि १९३१ मधील चार हुतात्म्यांच्या फाशीचे वर्णन.' विशेषणं नकोत. निदान आठवडाभर आधी द्यावी. वर्ग भरल्यावर सांगितली तर उठून जाणारा सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. 'काही भाग विचलित करू शकतो' ही तर टीव्हीवरची पट्टी झाली, तिच्यातून कुणाला काही कळत नाही. आणि धड्यागणिक सूचना छापली की ती वाचायचंच बंद होतं.

सात रस्ता: 'आशयसूचना' पटलं. मात्र 'त्यामुळे त्रास कमी होतो' हे मसुद्यातलं वाक्य काढा. अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये आला. सूचनेमुळे वाचतानाचा त्रास घटत नाही, उलट वाचण्याआधीची धास्ती थोडी वाढते, असं त्यात निघालं. सूचना पाहून लोक तो मजकूर टाळतात, असंही दिसलं नाही. म्हणजे सूचनेच्या विरोधकांची भीतीही फोल. शिकागो विद्यापीठाच्या अधिष्ठात्यांनी २०१६ मध्ये नव्या विद्यार्थ्यांना ट्रिगर वॉर्निंग आणि सेफ स्पेस या दोन्हीला आमचा पाठिंबा नाही, असं पत्र धाडलं होतं. तो टोकाचा पवित्रा आपण कशाला घ्यायचा? सूचना द्यावी, पण ती माहिती म्हणून. औषध म्हणून नव्हे.

होटगी रोड: 'सेफ स्पेस'ला 'राखीव जागा' तर मुळीच नको, प्रवेशयादीशी घोळ होईल. 'सुरक्षित जागा' म्हटलं की सीसीटीव्ही आणि वॉचमन आठवतो. 'निर्धास्त जागा' बरं. पण ते नाव गटचर्चेच्या किंवा समुपदेशनाच्या खोलीला द्या, वर्गाला नको. वर्गात मतं एकमेकांवर आदळणारच.

सात रस्ता: त्या खोलीच्या दारावर टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा क्रमांक लावा. लैंगिक छळाची तक्रार मात्र तिथे मिटवायची नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे ती महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी जाते.

पार्क चौक: आणि परीक्षेचं काय? तो घटक ऑप्शनला टाकायचा?

होटगी रोड: सूचना म्हणजे सूट नव्हे. पर्यायी पाठ द्यायचाच तर तेवढ्याच पानांचा, तेवढ्याच गुणांचा, आणि सत्राच्या सुरुवातीलाच सगळ्यांना जाहीर करून. परीक्षेच्या तोंडावर दिलात तर वर्गातली निम्मी पोरं तोच मागतील की.