मदत हवी आहे: गर्भातल्या पोषणावर पीएचडी करायची आहे, उंदरांवर करू की माणसांवर?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरला प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं. लाइफ सायन्सेसची नेट परीक्षा जेआरएफसह (संशोधनासाठीच्या शिष्यवृत्तीसह) निघाली आहे, आता गाईड शोधते आहे. विषय मनात पक्का आहे: आईच्या पोटात असताना जे पोषण मिळतं, त्याचा मोठेपणीच्या तब्येतीवर काय परिणाम होतो.

ही ओढ लागली ती 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' वाचून. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत हे काम सुरू केलं. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. तरीही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. पुढे असंही दिसलं की गरोदरपणात ज्या आयांचं बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (तेही एक बी जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, मधुमेहाची पूर्वखूण) सर्वांत जास्त होता. आमच्या घरात दोन पिढ्यांना मधुमेह आहे आणि जाड असं कुणीच नाही, त्यामुळे हे वाचून झोप उडाली होती.

आता दोन वाटा दिसतात. एक, परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रयोगशाळेत काम. दुसरी, अशा एखाद्या कोहॉर्टमध्ये, म्हणजे माणसांच्या एकाच गटाचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासात. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्रही जेमतेम येतं. कोहॉर्टमध्ये मला घेतील का? आणि उंदरांवर काम केलं तर ते आपल्या बायकांना कितपत लागू पडेल? घरचे विचारतात, किती वर्षं लागणार आणि तोवर पैशांचं काय.

प्रतिसाद १

वयाने लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करते. मी वारेवर (प्लॅसेंटावर) पीएचडी केली आहे.

उंदराचा गर्भकाळ जेमतेम २० दिवसांचा, त्यामुळे आईचा आहार बदलून तिची पिल्लं आणि नातवंडंही एकाच पीएचडीत पाहता येतात. माणसांत हे शक्यच नाही. पण तुझ्या प्रश्नापुरती मोठी अडचण आहे. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, ती नंतर साठते. म्हणजे तुला ज्याची ओढ लागली आहे, ते बारीक तरी चरबी राखून असलेलं बाळ उंदरात जन्माच्या वेळी सापडणार नाही. वारेचंही तसंच. तिच्या पेशी माणसात गर्भाशयाच्या भिंतीत खोलवर शिरतात, उंदरात वरवरच. त्या बाबतीत प्रयोगशाळेतला, उंदराहून मोठा पांढरा रॅट माणसाला बराच जवळचा.

माणसाची वार घ्यायची तर बाळंतपणाला घड्याळ नसतं. रात्री तीनला फोन आला तरी धावावं लागतं, कारण उशीर झाला की वारेतला आरएनए (कुठली जनुकं चालू आहेत ते सांगणारा रेणू) खराब होतो. संमती प्रसूतीच्या आधीच घ्यायची, कळा सुरू असताना नव्हे. म्हणून गाईडला पहिल्याच भेटीत विचार: एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आहे का, नमुने साठवलेले आहेत का? मंजुरीची वाट बघण्यात वर्ष जाऊ शकतं.

प्रतिसाद २

कोहॉर्टमध्ये एमबीबीएस लागतंच असं नाही. जीवशास्त्र, आहारशास्त्र, संख्याशास्त्र अशा सगळ्यांची तिथे गरज असते. 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आत्तापासून शिका. खरं अवघड असतं ते अभ्यास मध्येच सोडून गेलेल्या कुटुंबांचा हिशेब आणि कारण-परिणाम वेगळे काढणं. बी-१२ कमी असलेल्या घरात दूध, शिक्षण, उत्पन्न हेही वेगळं असू शकतं.

घरच्यांसाठी: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी किमान ३, कमाल ६ वर्षांची, स्त्रियांना आणखी २ वर्षांची मुदत मिळू शकते, शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा. जेआरएफ २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरच्या पायरीची शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चरबीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, त्याने बरंच ठरलं. आता साठवलेले नमुने असलेल्या कोहॉर्टवाल्या गाईडना आधी लिहिते. पहिल्या मेलमध्ये स्वतःचा प्रश्न मांडावा, की आधी फक्त जागा आहे का ते विचारावं?

प्रतिसाद १

प्रश्न मांड, चार-पाच ओळींत. त्यांचा अलीकडचा एक पेपर नीट वाचून त्यातलं न पटलेलं काही असेल तर तेही लिही. सोबत जेआरएफचं पत्र जोड.