मदत हवी आहे: चार वर्षांची मुलगी आणि पावणेदोन वर्षांचा मुलगा, दोघांना घेऊन पटावरचे खेळ कसे खेळावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या पार असतो, दुपारभर मुलांना अंगणातसुद्धा सोडता येत नाही. मोबाइल हातात द्यायचा नाही हे ठरलेलं, म्हणून पटावरचे खेळ सुरू केले.

नव्या पेठेतून शंभर घरांची सापशिडी आणली. लेकीला वीसपर्यंत आकडे येतात, तरी पट तिला उमगत नाही. खालची ओळ डावीकडून उजवीकडे जाते, अकरापासून उलटी. ती दहावर पोचली की वरच्या ओळीतही डावीकडूनच सुरू करते आणि सोंगटी थेट वीसवर ठेवते. शिवाय तीनच्या घरात असताना दोन पडले, तर उभी आहे तेच घर 'एक' धरून चारवर थांबते.

सीगलर आणि रमानी या अमेरिकेतल्या संशोधकांच्या 2008 मधल्या अभ्यासाबद्दल वाचलं. त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका ओळीत एक ते दहा घरांचा पट खेळायला दिला. सोंगटी सरकवताना 'एक, दोन' नाही, तर त्या त्या घरातला आकडा म्हणायचा: 'चार, पाच'. मुलांची आकड्यांची समज त्याने वाढली. मला हे अगदी पटलं. शाहाबादी फरशीवर खडूने दहा घरं आखली, आता लेक स्वतःच सोंगटी होते आणि आकडे म्हणत उड्या मारते. चुकते, पण तिचं तिलाच कळतं.

शेजारच्या तेलुगू आजींनी कवड्या टाकून सोंगट्या चालवायचा अष्टाचम्मा हा खेळही शिकवला. चार कवड्या उताण्या पडल्या की चम्मा, म्हणजे चार. सगळ्या पालथ्या पडल्या की अष्टा, म्हणजे आठ. दोन्हीला पुन्हा डाव. फाशाच्या ठिपक्यांपेक्षा उताण्या कवड्या मोजणं तिला सोपं जातं. पण धाकटा दिसेल ते तोंडात घालतो. तीन वर्षांखालच्या मुलांपासून सुमारे सव्वातीन सेंटिमीटर रुंद नळीत मावणारी कुठलीही वस्तू लांब ठेवावी असं सांगतात, कवडी तर त्याहून लहान. म्हणून तो झोपल्यावरच कवड्या निघतात. एरवी जुन्या चादरीच्या तुकड्यांचा कापूस भरलेला मोठा फासा आणि सोंगट्या म्हणून स्टीलच्या वाट्या. फासा टाकायचं काम धाकट्याचं, त्यात तो खूश असतो.

खरा पेच हरण्याचा आहे. सोंगटी मारली गेली की लेक पट उधळते आणि हुंदके देऊन रडते. सासरे मुद्दाम हरतात. नवऱ्याचं म्हणणं, हरायची सवय आत्ताच लागली पाहिजे. मला वाटतं, चार वर्षांच्या पोरीला दोन्हीची घाई नको. 'ओब्स्टगार्टन' हा 1986 चा जर्मन खेळ आहे. त्यात कावळा यायच्या आत सगळ्यांनी मिळून फळं तोडायची; जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. रंगांचा फासा असल्यामुळे मोजायलाही लागत नाही. आपल्याकडे घरच्या घरी असं काही कुणी केलं आहे का? आंबे आणि माकड घेऊन मी मांडून बघणार आहे, पण माकडाने किती घरं चालावं म्हणजे मुलं बहुतेक वेळा जिंकतील आणि तरी धाकधूक राहील, हे ठरत नाहीये.

आणि रडणं सुरू झाल्यावर तुम्ही डाव तिथेच थांबवता, की समजूत काढून पुरा करता? दोन लहान मुलं एकत्र सांभाळणाऱ्यांनी जरूर लिहा. दोन वर्षांच्या आतल्याला फासा टाकण्यापलीकडे आणखी काय काम देता येईल, तेही सांगा.