वाण्याची वही ते क्रेडिट कार्ड : किराण्यासाठी कार्ड निवडतानाचे तुमचे अनुभव

पोहेवाली
रविवारी माळा आवरताना सासूबाईंच्या ट्रंकेत वाण्याच्या दोन वह्या सापडल्या. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवलेली, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगायला. आत 'तू.डा. २ कि., गूळ १ कि., काडेपेटी पुडा' असं पानभर. एक तारखेला खाली आडवी रेघ आणि 'जमा'. दिवाळीच्या महिन्यात रेघेखाली बारीक अक्षरात 'उटणे, साबण १ – भेट'. सासूबाई म्हणाल्या, "आमचं क्रेडिट कार्ड हेच हो. व्याज नाही की काही नाही. तारीख चुकली तर वाणी फक्त चष्म्यावरून बघायचा."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे लेकाने हट्टाने मला एक कार्ड काढायला लावलंय. ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के परत. मी खूश. आमचा कोथरूडचा किराणा महिना ९,००० च्या आसपास, म्हणजे साडेचारशे सुटणार! पहिलं बिल आलं तर ऑनलाइन घेतलेलं सामान १,९०० चं. बाकी सगळं कोपऱ्यावरच्या दुकानातून, गिरणीतून, डेअरीतून, यूपीआय नाहीतर रोख. परत आले ९५ रुपये. वर्षाचे ११४०. वार्षिक फी ९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९. वर्षाला ३९ रुपये मीच बँकेला भेट देणार, तेही उटणं न मिळता.

तुम्ही किराण्यासाठी कार्ड कसं निवडलंत, कुठे फसलात, लिहा. बँकांची नावं नकोत, मागच्या वेळी भांडणं झाली होती.

धायरीकर
पहिला 😀 आमच्याकडे अजून वही आहे. फक्त वाणी आता मोबाइलमध्ये लिहितो.

सोनचाफा
'तू.डा.' वाचून आजीचं अक्षर डोळ्यांसमोर आलं. फोटो टाका ना वह्यांचा.

चार_टक्के
माझं ऐका. कार्डाच्या जाहिरातीत 'किराण्यावर दसपट पॉइंट'. म्हणजे १५० रुपयांना १० पॉइंट, एरवी १. आमचं नेहमीचं दुकान एका मॉलच्या तळमजल्यावर, पाटीवर चांगलं ठळक 'सुपरमार्केट'. तीन महिने गाडी भरभरून सामान आणलं. स्टेटमेंटमध्ये पॉइंट बघतो तर चणेफुटाणे.

चार वेळा फोन केल्यावर एका मुलीने नीट सांगितलं. प्रत्येक दुकानाच्या स्वाइप मशीनला धंद्याप्रमाणे चार आकडी कोड असतो, किराणा आणि सुपरमार्केटचा ५४११. या दुकानाचं मशीन भलत्याच कोडवर नोंदवलेलं. पाटीवर काय लिहिलंय ते बँकेला दिसत नाही. दुकानदाराला विचारलं तर त्यालाच पत्ता नव्हता.

आता नवीन दुकान दिसलं की आधी मीठ, साबण, असं दोनशेचं बिल करतो. पॉइंट किती पडले ते बघतो आणि मगच महिन्याची यादी काढतो. बायको म्हणते, मुलीचं स्थळसुद्धा एवढं पारखून बघणार नाहीस.

आणि दसपटीला भुलू नका. माझ्या कार्डाचे ४ पॉइंट म्हणजे १ रुपया. १५० वर अडीच रुपये, पावणेदोन टक्केसुद्धा नाही. वटवायला गेलो तर ९९ आणि वर जीएसटी.

पोहेवाली
@चार_टक्के अग्गोबाई, कोडचं माहीतच नव्हतं!

धायरीकर
नाव चार टक्के आणि मिळतात पावणेदोन 😂

चार_टक्के
काढलं तेव्हा चारच मिळत होते हो. नंतर नियम बदलले. आयडी कोण बदलत बसणार.

निवृत्त_सहकारनगर
नमस्कार. मला पेन्शन आहे, सौ.ला स्वतःचं उत्पन्न नाही, म्हणून तिला कार्ड मिळेना. शेवटी तिच्या नावावर मुदत ठेव ठेवून त्या ठेवीवर कार्ड घेतलं. लिमिट ठेवीपेक्षा थोडं कमी, पण ठेवीवर व्याज चालू राहतं आणि पगाराची स्लिप लागत नाही. वार्षिक फी नाही. परतावा १ टक्का, तोही सगळीकडे सारखा. कुठलं दुकान, कुठला कोड, काही बघायला नको. या वयात तेवढंच झेपतं. सौ. चा निरोप: वह्या टाकू नका.

मेथीची_जुडी
मंडईचा किस्सा. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं ना, म्हणून मुद्दाम ते घेतलं. म्हटलं, भाजीवर पण पॉइंट. फुले मंडईत नेहमीच्या मावशींकडे मेथी, गवार, आलं घेतलं, क्यूआर स्कॅन केला आणि पेमेंट होईना. मागे रांग. मावशी म्हणतात, "नेट नसंल ताई, वर हात करा." मी मोबाइल वर धरून उभी, स्वातंत्र्यदेवीसारखी. नेट फुल्ल होतं. मावशींचा क्यूआर त्यांच्या मुलाच्या साध्या खात्याचा, आणि क्रेडिट कार्डाचं यूपीआय फक्त व्यापारी क्यूआरवर चालतं. पलीकडच्या लसणीवाल्याकडे झटकन झालं. मावशींना सुटे दिले. कोथिंबीर घातली वर त्यांनी फुकट, हाच कॅशबॅक.

सोनचाफा
स्वातंत्र्यदेवी 🤣🤣 मंडईत लसूण काय भाव आहे?

मेथीची_जुडी
विचारू नका.

पेठेतला
आमच्या दुकानात पाटी आहे: 'कार्ड चालते. २ टक्के जादा पडतील. का, ते विचारू नये.' १ टक्का मिळवायला २ टक्के द्यायचे. मी विचारलं होतं. त्यांनी पाटीकडे बोट केलं.

चुकलेली_तारीख
कोणी हे लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या आजारपणात हात आखडला होता. बिल १८,००० चं होतं, त्यातले 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरावेच लागणारे, ९०० भरले आणि मनात म्हटलं, झालं या महिन्याचं. महिन्याला ३.५ टक्के व्याज, वर्षाचे ४२, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी उधारीचे दिवस मिळत नाहीत हे माहीतच नव्हतं. त्या महिन्यात आणलेल्या साखरेवरसुद्धा आणल्या दिवसापासून व्याज. कॅशबॅक आला ११० रुपये आणि व्याज गेलं हजाराच्या वर. आता खात्यातून पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल असं करून ठेवलंय.

पोहेवाली
@चुकलेली_तारीख अगं बाई. सासरे बरे आहेत ना आता?

चुकलेली_तारीख
हो ताई, आता हिंडतात. काल मलाच दळण आणून दिलं.

निवृत्त_सहकारनगर
देव पावला. काळजी घ्या.

घोडे_दामटणारा
दळणावरून आठवलं. यंदा वर्षाचा लोकवन कोणी कुठून घेतला? गेल्या वेळी मार्केट यार्डातून आणलेल्याला जूनमध्येच सोंडे लागले.

मेथीची_जुडी
वाळवला होता का नीट? चार ऊन्हं दाखवायची, मग एरंडेल चोळायचं. कडुनिंबाचा पाला पण.

घोडे_दामटणारा
फ्लॅटला गॅलरीच नाही हो. ऊन कुठून आणू.

चार_टक्के
@पोहेवाली ते फीवालं कार्ड बंद करून टाका, वर्ष भरायच्या आत. बाकी शून्य करा आणि लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे ७ कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. माझं सहाव्या दिवशी बंद झालं. थोडं वाईटच वाटलं.

पोहेवाली
करते बंद. लेकाला सांगायचं कसं तेवढं बघते.

आत्ता वाण्याकडे जाऊन आले. वही दाखवायला नेली होती. आता तिथे त्या वाण्याचा मुलगा बसतो, तोही साठीचा. वडिलांचं अक्षर बघून गिऱ्हाईक सोडून उभाच राहिला. पानं उलटत उलटत शेवटच्या पानावर आला आणि म्हणाला, "वहिनी, इथे रेघ नाही मारलेली. जमा झालेलं दिसत नाही." खरंच नाहीये. २१८ रुपये ४० पैसे.

धायरीकर
४२ टक्क्यांनी हिशोब करा 😂

पोहेवाली
मी पाचशेची नोट काढली तर चष्म्यावरून बघितलं त्याने. अगदी तसंच.

सोनचाफा
फोटो???

घोडे_दामटणारा
एरंडेल किलोला किती चमचे?