धाकटा नागपूरला चाललाय: सोबत काय द्यावं आणि मागे आम्ही दोघांनी काय करावं?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. जोसाच्या (आयआयटी-एनआयटी प्रवेशाच्या) फेरीत धाकट्याला नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल मिळालं. थोरली बंगळुरूला नोकरीला असते, त्यामुळे आता चिपळूणच्या घरात आम्ही दोघंच. ह्यांचं बाजारपेठेत स्टेशनरीचं दुकान आहे.
तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
१) हॉस्टेलसाठी घरून काय द्यावं, तिथे काय घ्यावं? बजेट सगळं मिळून १२,००० रुपये. लॅपटॉप घेऊन झालाय, तो यात धरू नका.
२) सोडायला गेल्यावर किती दिवस राहावं?
३) परत आल्यावर तुम्ही काय केलंत? थोरली गेली तेव्हा धाकटा घरात होता, म्हणून जाणवलं नाही. आता वर्ग सुरू होतात न होतात तोच गणपती, आणि हा पहिल्यांदाच गणपतीला घरी नसेल. तयारी करताना अधूनमधून हात थांबतो.

धंतोलीकर
अभिनंदन ताई! नागपूरचं ऊन तुम्हाले माहीत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाते. कूलर घ्याच, वाळ्याच्या ताट्यांचा. आमच्या घरी अजून तोच आहे, एसीची गरजच पडत नाही. चांगला घ्यायचा तर आठ-नऊ हजार धरा.

शर्वरी_ठाणे
लॅपटॉप कोणता घेतलात? माझ्या मुलाला ८५,००० चा घेतला, ग्राफिक्स कार्डवाला. सिव्हिलला डिझाइनची सॉफ्टवेअर लागतात, साधा लॅपटॉप दुसऱ्या वर्षी रडवतो. बदलून मिळत असेल तर आत्ताच बदला.

वाशिष्ठीकाठ
लॅपटॉप झालाय हो. बाकीचं सांगा.

मिरजकर_बाबा
गादी ऑनलाइन मागवू नका. आम्ही मुलीच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर मागवली. गेटवर पार्सल घेईनात, कुरिअरवाला परत घेऊन गेला आणि पैसे मिळायला महिना गेला. पोरगी तोवर सतरंजीवर झोपली. गावातल्या दुकानातून रिक्षात घालून आणलेली गादी बरी.

अनघा_डोंबिवली
चिपळूणहून कोकणकन्येने पहाटे ठाण्याला उतरा, दिवस नातेवाइकांकडे काढा आणि संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस पकडा, सकाळी नागपूर. सामान जास्त असेल तर हाच मार्ग.

घाटमाथा
गाडीने जा हो! समृद्धी महामार्ग आता ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापासून नागपूरपर्यंत पूर्ण झालाय, ७०१ किलोमीटर. सगळं सामान डिकीत. आम्ही गेलो, काय रस्ता आहे!

अनघा_डोंबिवली
चिपळूण ते आमणे कोण जाणार? पावसाळ्यात मुंबई-गोवा हायवेवर पनवेल गाठेपर्यंतच कंबर मोडते. शिवाय समृद्धीवर टायर तापून फुटतात.

घाटमाथा
टायर जुने असतील तर फुटतात. निघण्याआधी हवा तपासायची, दर दोन तासांनी थांबायचं. उगाच घाबरवू नका.

सुलभा_काकू
किती दिवस राहावं विचारलंय ना? मी तर मुलाजवळ पहिलं वर्षभर भाड्याने फ्लॅट घेऊन राहिले. घरचं जेवण मिळालं, पहिल्या सेमिस्टरला पहिल्या पाचात आला. बजाजनगर, लक्ष्मीनगर कॉलेजला लागूनच आहेत, जागा मिळेल.

रिकामा_कोनाडा
काकू, आणि घरी काकांचं जेवण? माझ्या वहिनीने असंच केलं. मुलगा शेवटपर्यंत वर्गातल्या मुलांत मिसळला नाही, कारण वर्ग सुटला की आईकडे. मित्र पहिल्या महिन्यात होतात, मेसच्या टेबलावर.

सुलभा_काकू
प्रत्येकाचं मूल वेगळं असतं. माझ्या मुलाला फायदा झाला, एवढंच सांगितलं.

माजी_वॉर्डन
मी बरीच वर्षं मुलांच्या वसतिगृहावर होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
कूलरची घाई नको. आधी हॉस्टेलचे नियम वाचा, खोलीत काय चालतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. पोरगा ऑगस्टमध्ये जाणार, उकाडा मार्चमध्ये सुरू होणार. तोवर फायनलची मुलं काय विकतात ते त्याला कळलेलं असेल. जाताना कूलर, गादी, सायकल निम्म्याहून कमी किमतीत देतात. त्याआधी डिसेंबर-जानेवारी येतो, आणि नागपुरात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. कोकणातल्या मुलाकडे स्वेटर असतो तो नावापुरता. जाड रजई किंवा ब्लँकेट आणि कानटोपी, यावर पैसे घाला.
बादली, मग, दोरी, चिमटे, एक्स्टेन्शन बोर्ड तिथेच सीताबर्डीला. कुलपं मात्र घरून चांगली दोन द्या, प्रत्येकी तीन किल्ल्यांची, आणि एक किल्ली तुमच्याजवळ ठेवण्यापेक्षा त्याच्या मित्राजवळ राहू दे. कपड्यांवर आतून मार्करने नाव घाला, धोब्याकडे शर्ट बदलतात.
मूळ कागदपत्रं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, झेरॉक्सचे चार संच वेगळे, स्कॅन केलेल्या प्रती डिजिलॉकरमध्ये आणि त्याच्या ईमेलवर. पासपोर्ट फोटो भरपूर. रॅगिंगविरोधी हमीपत्र दरवर्षी ऑनलाइन भरायचं असतं, पालकांचंही. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, ती त्याच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या.

वाशिष्ठीकाठ
सर, कागदांचं अगदी पटलं. २०२१ च्या पुरात थोरलीची मार्कशीट पाण्यात गेली होती, डुप्लिकेट मिळवायला बोर्डात किती खेटे घातले ते आम्हालाच ठाऊक.

पुणेरी_आजोबा
कूलर आत्ताच घ्या. उन्हाळ्यात भाव वाढतात.

धंतोलीकर
तेच तर म्हणून राहिलो मी!

नीता_एस
ताई, तिसऱ्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझी धाकटी गेली तेव्हा घर खायला उठायचं. संध्याकाळी सात वाजता कुकर लावताना हात आपोआप चौघांचं माप घ्यायचा. शेवटी छोटा कुकर आणला आणि मोठा माळ्यावर टाकला. त्याने बरं वाटलं, खरंच. भजनी मंडळात जा, मन रमतं.

घाटमाथा
दोघं फिरायला निघा. आम्ही ताडोबा केलं.

डॉ_सुमेधा
पन्नाशीच्या आसपास असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. मूल घराबाहेर पडणं आणि पाळी जाण्याचा काळ बऱ्याचदा एकत्र येतात. झोप उडणं, रडू येणं, छातीत धडधडणं हे सगळं "मुलाची आठवण" म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि रक्तदाब तपासून घ्या. चार-सहा आठवड्यांनीही मन उठत नसेल तर बोला कोणाशी तरी. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. मुलालाही तो देऊन ठेवा. आणि हो, नवऱ्यालाही विचारा. पुरुषमाणसं बोलत नाहीत, पण दुकानातून उशिरा यायला लागतात.

रिकामा_कोनाडा
शेवटच्या ओळीला प्लस वन. आमच्या घरात तसंच झालं होतं.

सुलभा_काकू
फोन रोज दोनदा करा. सकाळी उठला का, रात्री जेवला का.

माजी_वॉर्डन
काकू, माफ करा, पण सकाळचा फोन नको. पहिल्या महिन्यात मुलं रात्री उशिरा झोपतात, सकाळी धावत वर्गात जातात. रात्री मेसनंतर त्याला सोयीची वेळ ठरवा आणि त्याला करू द्या. "जेवलास का" ऐवजी "आज मेसला काय होतं, शेजारी कोण बसलं" विचारा. दोन आठवड्यांनीही शेजारी कोणी बसत नसेल तर लक्ष घालायची वेळ आली समजा.

अनघा_डोंबिवली
गणपतीला येणार असेल तर कोकणच्या गाड्या विसरा! आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि उघडताच संपतं. दिवाळीचं मात्र आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शर्वरी_ठाणे
विमानाने आणा. मुंबई-नागपूर दीड तास.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना सगळं वाचून दाखवलं आणि निर्णय झाला. तुमच्यापैकी कोणालाच तो पटेल असं वाटत नाही.
आम्ही दोघं सोडायला जाणारच नाही. मुलानेच सांगितलं की त्याला एकट्याला जायचंय. त्याची ताई बंगळुरूहून रजा काढून नागपूरला येईल, खोली लावून देईल आणि दुसऱ्या दिवशी परत जाईल. ती स्वतः हॉस्टेलला राहिलेली आहे, काय लागतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आम्ही नाताळात जाऊ, तो आम्हाला त्याचं कॉलेज दाखवेल.
कूलर नाही. गादी तिथेच घेणार. सासूबाईंनी शिवलेली गोधडी देत होते, ती तो नको म्हणाला, नवीन ब्लँकेट हवंय म्हणाला. देऊ. कुलपं आमच्या दुकानातलीच. अंदाजे सात हजारांत बसतंय, उरलेले त्याच्या खात्यात.
गणपतीत तो येणार नाही. आरतीच्या वेळी फोन लावू. दर वर्षी मखर तोच करायचा, यंदा मी आणि हे करू. ह्यांना विचारलं तसं (डॉक्टर, तुमच्यामुळे विचारलं), तर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की दुपारी दुकानात कोणीतरी हवं असतं. तेव्हा भजनी मंडळ नाही, ताडोबा नाही. सोमवारपासून मी दुकानात बसतेय. उधारीच्या वह्या बघितल्या, वसुलीला ह्यांचा स्वभाव आड येतो. माझा येत नाही.

पुणेरी_आजोबा
आईवडिलांनी पहिल्या दिवशी गेलंच पाहिजे. आमच्या वेळी वडील ट्रंक घेऊन आले होते.

नीता_एस
वह्या छानच ताई! दुकानात बसायला लागल्यावर कसं वाटतंय ते लिहा.

धंतोलीकर
एकटा येते तर येऊ द्या, काही काळजी नाही. विदर्भ सकाळी पोचते. सामान असल्यावर स्टेशनवरून सरळ ऑटो करायचा, भाडं आधी ठरवून. एरवी स्टेशनपाशीच मेट्रो आहे, लोकमान्य नगरच्या गाडीत बसून शंकर नगर किंवा एलएडी चौकात उतरायचं, तिथून जवळ पडते. आणि नाताळात याल तेव्हा स्वेटर दोघांचेही आणा जी, फक्त पोराचा नाही.